भूलशास्त्र एमडी/डीएनबीचं क्षमताधारित प्रशिक्षण: आराखडा नेमका कसा बांधायचा?

पारसिक_बोगदा (धागाकर्ता)

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात भूलशास्त्राच्या रेसिडेंटांना शिकवणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. इतर शाखांचे लोकही लिहा, मुद्दे बरेचसे सारखेच आहेत.

कागदांची कमतरता नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम क्षमताधारित, म्हणजे किती वर्षं झाली यापेक्षा काय करता येतं यावर बांधलेला, म्हणूनच छापलेला आहे. २०२३च्या नियमावलीत ई-लॉगबुक (केसेसची ऑनलाइन नोंदवही) आहे, ८० टक्के हजेरी आहे, तीन महिन्यांचं जिल्हा निवासी प्रशिक्षण आहे. डीएनबीला (राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदव्युत्तर पदवीला) दरवर्षी एफएटी, म्हणजे प्रशिक्षण चालू असतानाची मूल्यमापन चाचणी, आहे. तरीही बहुतेक विभागांत लॉगबुकात आकडे भरले जातात, दोन-तीन महिन्यांच्या सह्या एका बैठकीत होतात, आणि तीन वर्षांचा निकाल शेवटच्या परीक्षेतल्या लाँग केस, शॉर्ट केस आणि व्हायवावर (तोंडी परीक्षेवर) लागतो. एखादं काम त्या रेसिडेंटने पहिल्यापासून शेवटपर्यंत करताना कोणी शेजारी उभं राहून पाहिलं का, याची नोंद कुठेच सापडत नाही.

माझ्या मते आराखड्याची सुरुवात अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानापासून करू नये. पास झाल्यावर पहिल्या महिन्यात हा माणूस काय करणार आहे, तिथून करावी. आपल्याकडे नवा भूलतज्ज्ञ बहुधा फ्रीलान्स करतो. सकाळी डोंबिवलीत हर्निया, दुपारी ऐरोलीत लॅपरोस्कोपी, आणि रात्री दीडला कळव्यातल्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होममधून सिझेरियनचा फोन. तिथे विचारायला वरिष्ठ नाही, रक्तपेढी इमारतीत नाही, सक्शन चालतं का हे आपणच तपासायचं. हे काम एकट्याने, सुरक्षितपणे करता येणं ही आपली किमान पातळी. तिथून मागे येत तीन वर्षं आखायची.

मी धरलेला क्रम असा. आधी कामांची यादी. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ ओले टेन केट यांनी २००५मध्ये मांडलेली ‘सोपवण्याजोगी कामं’ म्हणजे ईपीए, ही कल्पना त्यासाठी सगळ्यांत उपयोगी वाटते. ‘श्वासमार्गाचं ज्ञान’ हे काम होत नाही. ‘पोट रिकामं नसलेल्या प्रौढ रुग्णाला जनरल भूल देणं’ हे काम आहे: त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, ते एखाद्यावर सोपवता येतं किंवा येत नाही. संपूर्ण रेसिडेन्सीसाठी वीस ते तीस कामं पुरतात. यादी साठ-सत्तरवर गेली की समजायचं, आपण कामं लिहीत नाही, कौशल्यांचे तुकडे लिहितोय.

त्यानंतर प्रत्येक कामाची मर्यादा, ते कोणत्या सहामाहीत कोणत्या पातळीला यावं, कोणत्या पुराव्यावर ठरवायचं, आणि कोण ठरवणार. शेवटचे दोन प्रश्न सगळ्यांत अवघड आहेत, त्यावर तुमची मतं हवीत.

---

कोपरीकर

दिशा पटली. पण संख्या पूर्ण सोडून देऊ नका. शंभर स्पायनल (मणक्यात सुईने औषध देऊन कंबरेखाली भूल) केलेल्या आणि बारा केलेल्या रेसिडेंटला एकाच तराजूत घालता येत नाही. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉनराड यांच्या अभ्यासात इंट्युबेशनमध्ये (श्वासनलिकेत नळी घालण्यात) ९० टक्के यशापर्यंत पोहोचायला सरासरी ५७ प्रयत्न लागले होते. म्हणजे पंधरा-वीस केसेसवर कोणाला ‘येतं’ म्हणणं धोक्याचं आहे.

---

पारसिक_बोगदा

सरासरी ५७, हाच तर मुद्दा आहे. कोणी चाळिसात पोहोचतो, कोणी ऐंशीलाही पोहोचत नाही. संख्या ही दाराशी उभं राहण्याची अट ठेवू: इतक्या केसेस झाल्याशिवाय निर्णयाला बसायचंच नाही. पण तेवढ्या झाल्या म्हणून दार आपोआप उघडणार नाही.

---

येऊर

हातकौशल्यांसाठी संख्या आणि यश एकत्र बघण्याची सोपी पद्धत आहे: क्युसम आलेख, म्हणजे प्रत्येक यश-अपयशाची बेरीज-वजाबाकी करत पुढे जाणारी रेष. मोबाइलवरच्या साध्या एक्सेलमध्ये होतो. स्पायनलचं उदाहरण घ्या. स्वीकारार्ह अपयश १० टक्के, अस्वीकारार्ह २० टक्के, आणि दोन्ही बाजूंच्या चुकीच्या निष्कर्षाची शक्यता १० टक्के धरली तर गणित असं येतं: प्रत्येक यशाला ०.१४५ वजा, प्रत्येक अपयशाला ०.८५५ अधिक, आणि निर्णयरेषा शून्यापासून २.७१वर. रेष खाली २.७१ पार करून गेली की त्या रेसिडेंटचं अपयशाचं प्रमाण स्वीकारार्ह मर्यादेत आहे असं म्हणता येतं. एकही अपयश नसेल तर १९ प्रयत्नांत पार होते, एक अपयश असेल तर एकूण २६ लागतात. रेष वर चढायला लागली की शिक्षकाला सहाव्या-सातव्या केसलाच कळतं, सहामाहीची वाट बघावी लागत नाही.

सगळा खेळ ‘अपयश’ कशाला म्हणायचं यावर आहे, आणि ते आधी लिहून ठेवावं लागतं. आमची व्याख्या: त्वचेवर तीनपेक्षा जास्त ठिकाणी सुई टोचावी लागली, किंवा सुई वरिष्ठाच्या हातात गेली, किंवा वीस मिनिटांनीही शस्त्रक्रियेला पुरेशी लेव्हल (बधिरता अंगावर किती वर चढली ती पातळी) मिळाली नाही. तिन्हीपैकी काहीही झालं तरी अपयश. ही व्याख्या भिंतीवर नसेल तर ‘सरांनी फक्त कोन दाखवला, सुई मीच घातली’ यावर वाद होतात आणि आलेख निरुपयोगी होतो.

---

वाशी_खाडी

क्युसम सुईपुरता ठीक आहे. पण स्पायनल भूल म्हणजे सुई नव्हे. सिझेरियनमध्ये जे बिघडतं त्यातला मोठा भाग सुई बाहेर आल्यानंतरचा असतो. म्हणून एक काम पूर्ण लिहून देते, यादीतली बाकीची याच साच्यात बसवता येतील.

काम: पूर्ण दिवस भरलेल्या, गुंतागुंत नसलेल्या मातेला सिझेरियनसाठी स्पायनल भूल देणं आणि रिकव्हरीतून वॉर्डात पाठवेपर्यंत तिची जबाबदारी घेणं.

मर्यादा: वार खाली असणं, प्लेटलेट कमी असलेलं तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला वाढलेल्या रक्तदाबाचा आजार), हृदयविकार आणि जिवावर बेतलेली तातडी यात येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं काम, आणि ते तिसऱ्या वर्षाचं. मर्यादा लिहिली नाही तर ‘सिझेरियन येतं’ म्हणून सही झालेला दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट रात्री ॲक्रिटासमध्ये (वार गर्भाशयात रुतलेल्या केसमध्ये) एकटा सापडतो. ही फार खरी भीती आहे.

बघताना काय बघायचं: प्री-ऑपमध्ये शेवटचं खाणं, प्लेटलेट आणि रक्त पातळ करणारी औषधं विचारली का. एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम चालू असेल तर शेवटच्या डोसला बारा तास झाले का. संमती घेताना ‘कंबरेखाली बधिर होईल, ओढल्यासारखं जाणवेल, पण दुखलं तर लगेच सांगा’ हे तिला तिच्या भाषेत सांगितलं का. दिवा-मुंब्र्यापासून तुर्भ्यापर्यंत मराठी, आगरी, हिंदी, उर्दू सगळं ऐकू येतं. छापील फॉर्मवर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे.

मग तयारी. रक्तदाब वाढवणाऱ्या फेनिलेफ्रिनची १० मिलिग्रॅमची अँप्यूल १०० मिली सलाइनमध्ये टाकली की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली होतं. हे मिश्रण कोणी केलं, लेबल कोणी लावलं, हे रेसिडेंटला माहीत हवं. दहा मिलीच्या सिरिंजमध्ये अख्खी अँप्यूल पातळ करून ‘हेच ते’ समजलं तर प्रत्येक मिलीत दहापट औषध जातं. याच टप्प्यावरची दुसरी चूक त्याहून भयंकर: ट्रानेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं) आणि हेवी ब्युपिव्हाकेन (स्पायनलचं भुलीचं औषध) यांच्या अँप्यूल दिसायला सारख्या असू शकतात, आणि सिझेरियनच्या ट्रेमध्ये दोन्ही असतात. ट्रानेक्झॅमिक ॲसिड मणक्यात गेलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते, मृत्यू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये यावर इशारा काढला होता. म्हणून माझ्या फॉर्ममध्ये ‘अँप्यूल मोठ्याने वाचली, दुसऱ्या व्यक्तीने वाचली’ ही ओळ अनिवार्य आहे, आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिड स्पायनलच्या ट्रेमध्ये मुळातच ठेवायचं नाही.

डोस: ०.५ टक्के हेवी ब्युपिव्हाकेन साधारण १.८ ते २.२ मिली, पेन्सिल पॉइंट सुई २५ किंवा २७ गेजची. आकड्यापेक्षा ‘हाच डोस का’ याचं उत्तर महत्त्वाचं. आडवं केल्यावर डावीकडे १५ अंशाचा कल. दाब पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला. लेव्हल थंड स्पिरिटच्या बोळ्याने दोन्ही बाजूंना तपासून टी-४ (साधारण स्तनाग्रांपर्यंतची बधिरता) मिळाल्याशिवाय सर्जनला ‘घ्या’ म्हणायचं नाही. इथे रेसिडेंट सगळ्यांत जास्त ढेपाळतो, कारण सर्जन ग्लोव्ह घालून उभे असतात.

काही बिघडलं तर: लेव्हल अर्धवट आली तर तोच डोस आंधळेपणाने परत द्यायचा नाही, आधीचं औषध मणक्यात आहेच, लेव्हल मानेपर्यंत चढू शकते. हाताची पकड सैल होणं, आवाज खोल जाणं, नाडी मंदावणं ही लक्षणं रेसिडेंटने स्वतः उच्चारली पाहिजेत. चीर घेतल्यावर ती म्हणाली दुखतंय, तर तिचं म्हणणं खरं धरून थांबायचं आणि जनरल भुलीचा निर्णय घ्यायचा. ‘जरा सहन करा’ हे वाक्य उच्चारलं तर त्या दिवशी ते निरीक्षण नापास, मग सुई कितीही सुंदर बसलेली असो.

पुरावा: किमान आठ प्रत्यक्ष निरीक्षणं, तीन वेगवेगळ्या शिक्षकांकडून, त्यातली दोन रात्रीच्या ड्यूटीतली. एक केस-चर्चा अर्धवट लेव्हलवर, एक सिम्युलेशन हाय स्पायनलवर (बधिरता फार वर चढण्यावर).

मुदत: सहा महिने सिझेरियनच्या ओटीत पाऊल ठेवलं नाही तर सोपवणूक संपली. परत दोन निरीक्षणं.

---

तिसरं_वर्ष

रेसिडेंटच्या बाजूने. आठ निरीक्षणं गुणिले पंचवीस कामं म्हणजे दोनशे फॉर्म. ते कोण भरणार? शेवटी आम्हीच सरांच्या मागे फोन घेऊन फिरणार आणि महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी वीस फॉर्म भरले जाणार. मग लॉगबुक आणि यात फरक काय राहिला?

---

नेरूळची_वैद्या

तिसरं_वर्ष यांची शंका अगदी जागेवर आहे. कॅनडाच्या रॉयल कॉलेजने २०१७पासून ‘कॉम्पिटन्स बाय डिझाइन’ टप्प्याटप्प्याने आणलं, तेव्हा रेसिडेंटांची मोठी तक्रार हीच होती: फॉर्मच्या मागे धावण्यात शिकणं हरवतं. आपण तेच पुन्हा करायचं कारण नाही.

दोनशे हा आकडा घाबरवतो, पण तीन वर्षांत, रजा आणि परीक्षेचे महिने वगळून, आठवड्याला दोन फॉर्मपेक्षा कमी पडतात. आठवड्याला दोन होतात. वीस एका संध्याकाळी होतात ते कोणत्या दिवशी कोण बघणार हे ठरलेलं नसतं म्हणून. सोमवारी लिस्ट लावताना प्रत्येक टेबलासमोर रेसिडेंटचं नाव लिहितो तसंच ‘आज काय बघायचं’ हाही एक रकाना ठेवायचा. टेबल दोन, लॅप कोली (दुर्बिणीने पित्ताशय काढणं), फर्स्ट इयर, ‘रॅपिड सिक्वेन्स’ (झटपट भूल देऊन नळी घालणं). शिक्षकाला सकाळीच माहीत असतं. जे अचानक आलं ते जास्तीचं.

फॉर्म तीन मिनिटांत संपला पाहिजे. आमच्याकडचे रकाने: काम, केसची गुंतागुंत (सोपी, मध्यम, अवघड), एएसए वर्ग (रुग्णाची एकूण तब्येत किती बिघडलेली), दिवस की रात्र, सोपवणुकीची पातळी, आणि दोन वाक्यं. पहिलं ‘हे असंच करत राहा’, दुसरं ‘पुढच्या वेळी हे बदला’. दुसरं वाक्य रिकामं असेल तर फॉर्म जमा होत नाही. रुग्णाचं नाव, आयपीडी नंबर काहीही नाही, रुग्णाची माहिती शिक्षकांच्या फोनमध्ये साठवायची नाही. आणि फॉर्म रेसिडेंटच्या फोनवर उघडतो, शिक्षक तिथेच बोलून दाखवतात, रेसिडेंट टाइप करतो, शिक्षक वाचून पाठवतात. वेळ कोणती? रुग्ण स्थिर झाला, चीर लागली, त्यानंतरची पाच मिनिटं. भूल उतरवताना कधीच नाही.

---

कोपरीकर

पातळी कशी लिहिता? पाचपैकी गुण द्यायला सांगितलं की सगळे चार देतात.

---

नेरूळची_वैद्या

गुण मागायचेच नाहीत. ओटावात सर्जरीच्या रेसिडेंटांसाठी २०१२च्या सुमारास एक मापन आलं, ओ-स्कोअर. त्यात शिक्षकाने रेसिडेंट ‘कसा आहे’ हे लिहायचं नसतं, स्वतः काय केलं ते लिहायचं असतं. आम्ही मराठीत असं केलंय:

१. मलाच करावं लागलं.
२. मी बोलून बोलून करवून घेतलं.
३. अधूनमधून आठवण करून द्यावी लागली.
४. काही झालं तर म्हणून मी थांबले होते.
५. मी नसते तरी चाललं असतं.

शिक्षकाला हे लिहायला संकोच वाटत नाही, कारण तो घडलेली गोष्ट सांगतोय. ‘समाधानकारक’ आणि ‘उत्तम’ यांत गल्लत होते, ‘मलाच करावं लागलं’ यात होत नाही. पहिल्या वर्षात एक आणि दोन येणं स्वाभाविक आहे आणि हे रेसिडेंटला पहिल्या दिवशी स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो दोन मिळाले की फॉर्म पाठवायचंच टाळतो आणि फक्त चांगले दिवस निवडतो. म्हणूनच सोमवारचा रकाना शिक्षकांनी भरायचा.

---

येऊर

देखरेखीच्या पातळीबद्दल एक स्थानिक मुद्दा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्सच्या २०२१च्या अभ्यासक्रमात पातळ्या अंतरावर बांधल्यात: १ म्हणजे वरिष्ठ ओटीतच पूर्णवेळ, २अ म्हणजे ओटी संकुलात, २ब म्हणजे रुग्णालयात, ३ म्हणजे घरी पण फोनवर, ४ म्हणजे स्वतंत्र. आपल्याकडे पातळी ३ तशीच उचलली तर फसू. ‘घरी’ म्हणजे मानपाड्याला असेल आणि रुग्णालय कळव्याला, तर पहाटे तीनला वीस-पंचवीस मिनिटं, संध्याकाळी सातला घोडबंदर रोडवर एक तास, जुलैत पाणी भरलं तर सांगता येत नाही. म्हणून पातळी ३ आम्ही वेळेवर बांधावी: वरिष्ठ तीस मिनिटांत टेबलापाशी येऊ शकतील तेव्हाच. नाहीतर त्या रात्री पातळी २ब, म्हणजे कोणीतरी रुग्णालयात झोपायचं. हे ड्यूटी रोस्टरवर दिसलं पाहिजे, आराखड्याच्या फाइलमध्ये असून उपयोग नाही.

---

पारसिक_बोगदा

हे अंतराचं मी धरलंच नव्हतं, आराखड्यात घेतो. जिल्हा निवासी प्रशिक्षणालाही हेच लागू आहे. रेसिडेंट शहापूरला असो की अलिबागला, जाण्याआधी त्याच्या हातात एक पान द्यायचं: कोणती कामं कोणत्या पातळीला सोपवलेली आहेत. तिथल्या समन्वयकाला ते दिलं की ‘एमडी करतोय ना, मग देईल की भूल’ हे गृहीतक टळतं. रेसिडेंटलाही नाही म्हणायला आधार मिळतो.

---

ओटी_इन्चार्ज

मी डॉक्टर नाही, ओटी सिस्टर आहे. एक विचारते: आम्हाला कोणी विचारतं का? मशीन चेक न करता पहिला पेशंट कोण टेबलावर घेतो, सिरिंजला लेबल कोण लावत नाही, काउंट (गॉज-अवजारांची मोजणी) चालू असताना कोण फोनवर असतो, रिकव्हरीत पेशंट सोडून हँडओव्हर न देता कोण निघून जातो, हे आम्हाला रोज दिसतं. शिक्षक समोर असले की सगळे नीट वागतात.

---

वाशी_खाडी

सिस्टर, हाच भाग बहुतेक आराखड्यांत सुटतो. शिक्षकाच्या निरीक्षणातून हातकौशल्य कळतं, रोजचं वागणं कळत नाही. यासाठी सर्वांकडून अभिप्राय घ्यावा, सहामाहीतून एकदा, प्रत्येक रेसिडेंटबद्दल आठ-दहा जणांकडून: दोन ओटी सिस्टर, रिकव्हरीची सिस्टर, ओटी टेक्निशियन, दोन सर्जन, आयसीयूचे रेसिडेंट. नावं रेसिडेंटला दिसत नाहीत, समन्वयकाला दिसतात. प्रश्न चारच, ॲबर्डीनच्या ॲन्ट्स (भूलतज्ज्ञांची बिगर-तांत्रिक कौशल्यं मोजण्याच्या) पद्धतीतले चार गट घेऊन: कामाची आखणी, टीमबरोबर काम, परिस्थितीचं भान, निर्णय. प्रत्येकाला ‘एक पाहिलेला प्रसंग लिहा’ अशी ओळ. प्रसंग नसेल तर शेरा धरायचा नाही, नाहीतर कोणाशी पटत नाही त्याचा राग निघतो.

सिस्टरना फॉर्म मराठीतच द्या.

---

कोपरीकर

दुर्मीळ गोष्टींचं काय? श्वासनलिकेत नळीही जात नाही आणि ऑक्सिजनही जात नाही, ही वेळ तीन वर्षांत एखाद्यावर येईलच असं नाही. तिथे निरीक्षण कुठून आणणार?

---

येऊर

सिम्युलेशन, आणि त्याला महागडी लॅब लागत नाही. मानेतून श्वासमार्ग उघडण्यासाठी खाटकाकडून बोकडाची श्वासनलिका आणायची, वर फोमचा तुकडा आणि त्वचा म्हणून जाड रेक्झिन ताणून टाचायचं. डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५च्या मार्गदर्शनाप्रमाणे सामान तेवढंच: १० नंबरची ब्लेड, बुजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक काडी), ६ नंबरची कफवाली नळी. सरळ टेबलावर ठेवून करू नका, मॅनेकिनच्या मानेत बसवा, मॉनिटरचा आवाज उतरता ठेवा, आणि ‘आता नळी जात नाही, मानेतून जातोय’ हे मोठ्याने जाहीर करायला लावा. बहुतेकांचं कापणं चुकत नाही. जाहीर करायला उशीर होतो, चौथा-पाचवा लॅरिंगोस्कोपीचा (घशात बघून नळी घालण्याचा) प्रयत्न चालूच राहतो. फॉर्मवर म्हणून दोन वेळा लिहायच्या: ऑक्सिजन पडायला लागल्यापासून जाहीर करेपर्यंत, आणि जाहीर केल्यापासून नळी आत जाईपर्यंत.

दर सहा महिन्यांनी परत. हे कौशल्य फार लवकर विसरतं.

असेच आणखी दोन-तीन प्रसंग घ्या: स्थानिक भुलीच्या औषधाची विषबाधा, ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी), ऑक्सिजनची पाइपलाइन बंद पडणं. विषबाधेत पहिला प्रश्न डोसचा विचारू नका. २० टक्के लिपिड इमल्शन (या विषबाधेवरचा उतारा) या इमारतीत कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, ते विचारा. मग बोलस १.५ मिली प्रति किलो, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ७५ मिली. तेवढा साठा आहे का, हे त्याच वेळी कळतं.

---

पारसिक_बोगदा

आता ‘कोण ठरवणार’. माझा प्रस्ताव: पाच जणांची क्षमता समिती, तीन महिन्यांतून एकदा दोन तास. एचओडी (विभागप्रमुख) अध्यक्ष नसावेत असं मला वाटतं.

---

नेरूळची_वैद्या

सहमत, कारणासकट. एचओडी आधी बोलले की बाकीचे गप्प बसतात. समितीत सगळ्यांत कनिष्ठ सदस्याने आधी बोलायचं, एचओडींनी शेवटी. एक सदस्य दुसऱ्या विभागातला असावा, सर्जरी किंवा प्रसूतीशास्त्र चालेल.

बैठकीआधी समन्वयकाने प्रत्येक रेसिडेंटचं एक पान करायचं. डाव्या बाजूला कामं, वर महिने, चौकटीत निरीक्षणांची पातळी. कुठे नोंदच नाही हे एका नजरेत दिसतं, आणि ती पोकळी हाच बैठकीतला पहिला विषय. शेवटचे दोन शेरे मोठ्याने वाचायचे. समितीने ‘मला तो बरा वाटतो’ यावर निर्णय घ्यायचा नाही, पानावर जे नाही ते नाही. मास्ट्रिख्टचे वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ व्हॅन डर व्ह्लूटेन आणि शुवर्थ यांचं सांगणं इथे लागू पडतं: एका निरीक्षणावर कोणालाही पास-नापास करू नये, प्रत्येक निरीक्षण शिकण्यासाठी, आणि मोठा निर्णय अनेक निरीक्षणं एकत्र बघून. एका शिक्षकाने एक दिला आणि बाकी सहा जणांनी चार दिले तर त्या एकाचं वाक्य वाचा, कदाचित त्यानेच पूर्ण केस पाहिली असेल.

निर्णय तीनच: पुढच्या पातळीला, आहे तिथेच, किंवा सुधारणा आराखडा. तिसऱ्यात नेमकं काम, नेमका शिक्षक, आठ आठवडे आणि नवी चार निरीक्षणं लिहायची. ‘अधिक वाचन करावे’ असला शेरा चालणार नाही, त्याने हात सुधारत नाही. निर्णयाशी असहमत असेल तर रेसिडेंटने एका आठवड्यात लेखी कळवायचं, आणि ते समितीबाहेरच्या व्यक्तीने वाचायचं.

---

तिसरं_वर्ष

एक मूळचा प्रश्न राहतो. विद्यापीठाची परीक्षा तीच असेल, तर शेवटच्या सहा महिन्यांत सगळे पुस्तकात आणि व्हायवात डोकं घालणार. पातळ्या कोण बघेल?

---

वाशी_खाडी

परीक्षा आपल्या हातात नाही, विभागाची अंतर्गत परीक्षा आहे. तिथे लाँग केसऐवजी रेसिडेंटच्या स्वतःच्या नोंदींतलं एक काम काढून त्यावर वीस मिनिटांची केस-चर्चा ठेवा: ‘या केसला तुम्ही १.८ मिली दिलं, तिची उंची कमी होती आणि जुळी होती, बदल केला का?’ व्हायवाची तयारीही त्यातूनच होते, कारण परीक्षकही अखेर तेच विचारतात. डीएनबीच्या एफएटीमध्ये कामाच्या जागचं मूल्यमापन आहेच, तिथे हे फॉर्म थेट कामाला येतात, दुहेरी लिखाण नको.

---

कोपरीकर

शेवटचा व्यवहार: सुरुवात किती कामांनी करायची? पंचवीस एकदम लावली तर विभाग महिनाभरात हात टेकेल.

---

पारसिक_बोगदा

चार कामांनी. प्री-ॲनेस्थेटिक तपासणी आणि योजना, मशीन व ओटीची तयारी, एएसए १-२ प्रौढाला जनरल भूल, आणि वाशी_खाडी यांनी लिहिलेलं सिझेरियन. पहिली दोन मुद्दाम, कारण फर्स्ट इयरला तिसऱ्या महिन्यात सोपवता येतात आणि त्याला कळतं की ही पद्धत त्याच्यावर विश्वासही टाकते.

आधी शिक्षकांची दोन तासांची बैठक. एकाच केसचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवायचा, प्रत्येकाने पातळी लिहायची, आणि एकाने दोन व दुसऱ्याने चार का दिले यावर बोलायचं. व्हिडिओ रुग्णाचा नको, मॅनेकिनवरचा. अशी बैठक सहा महिन्यांनी पुन्हा. नवे लेक्चरर आणि सिनिअर रेसिडेंट आले की त्यांना या बैठकीशिवाय फॉर्मवर सही करता येणार नाही.

येऊर, क्युसमची शीट इथे चिकटवता का? आणि ओटी_इन्चार्ज, सर्वांकडून घ्यायच्या अभिप्रायाचे चार प्रश्न मी उद्या टाकतो, वाचून सांगा कोणता प्रश्न तुमच्या ओटीत समजणार नाही.

---

ओटी_इन्चार्ज

सांगते. त्यात रिकव्हरीच्या हँडओव्हरचा प्रश्न वेगळा ठेवा, तो ‘टीमबरोबर काम’मध्ये घालू नका. आणि किती रक्त गेलं, कोणतं दुखणं कमी करणारं औषध किती वाजता दिलं, पुढचं कधी, हे तीन तोंडी सांगितले का, एवढंच विचारा. त्याचं उत्तर आम्हाला हो किंवा नाही असं देता येतं.